डाव्या बाजूचा खिसा

जेवण झालं की मी मशीनशेजारच्या बाकावर पंधरा मिनिटं पाठ टेकतो. धाकटी सून म्हणते, पंधरा मिनिटांचे दोन तास होतात. होऊ देत की! अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या शिंप्याला कामावरून कोण काढणार आहे? आजही पडलोय. बाहेर केळीची पानं सळसळतायत, डोळे जड झालेत आणि मशीनचं चाक आपोआप फिरायला लागलंय.

मशीनवर एलियस बसलाय.

एलियस म्हणजे आमचे आर्चबिशप, एलियस तुस्कानो. गेल्या महिन्यात वारले. वसईच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे तो धर्मगुरू झाला, वीस वर्षं फौजेत पाद्री म्हणून पलटणीबरोबर डोंगराडोंगरांत हिंडला, मग बिशप, मग आर्चबिशप. मी शिंपी झालो आणि जन्मभर त्याचे झगे शिवले. लोक त्याच्या अंगठीचं चुंबन घ्यायचे, मी त्याच्या पोटाचं माप घ्यायचो.

“बावतीस, खिसा कुठाय रे?” तो विचारतो. अंगावर तोच पांढरा झगा आहे, ज्यात त्याला पुरला. आतून छातीशी हात घालून चाचपतोय.

गेली कित्येक वर्षं त्याच्या प्रत्येक झग्याला आतून, डाव्या बाजूला, छातीला चिकटून अस्तर लावलेला एक खिसा लागायचा. मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची डबी त्यात असायची. हा शेवटचा झगा शिवताना मी तो खिसा गाळला. सेक्रेटरी फादरांना डबी ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून त्यांनी ती माझ्याच हातात आणून दिली. “विसरलात वाटतं,” म्हणाले. मी हो म्हटलं. खोटं बोललो.

“मुद्दाम केलंस,” एलियस म्हणतो.

“केलं! माझा बेनी तुझ्या पलटणीत होता, तुझ्या डोळ्यांसमोर गेला. तेहतीस वर्षं विचारतोय, कसा गेला माझा पोरगा? तुझं आपलं एकच, शांतपणे गेला, तेल मिळालं. पाठ केल्यासारखं. मला काय खुळा समजलास?”

तो उठून दुकानाचं दार उघडतो. बाहेर केळी नाहीत, बर्फ आहे. मी नुसत्या बनियनवर, तरी थंडी वाजत नाही. पांढऱ्या उतारावर आमचा शाळेतला बाक ठेवलाय. त्यावर बेनी निजलाय. अंगात फौजेचा हिरवा कोट, पापण्यांवर बर्फ.

एलियस डबी उघडून उलटी धरतो. थेंबसुद्धा पडत नाही.

“गोठलं होतं,” तो म्हणतो. “मी ती कोटाच्या बाहेरच्या खिशात ठेवली होती, अडाण्यासारखी. मग काखेत धरली, तोंडात धरली. तेल विरघळेपर्यंत बेनी गेला. मी लावलं ते नंतर.”

“आणि मला सांगितलंस, मिळालं म्हणून?”

“रोज ठरवायचो, आज सांगू. तू गळ्यात टेप घालून समोर उभा राहायचास, माझा धीरच व्हायचा नाही.”

“काही बोलला का तो?”

“आत तू शिवलेला सदरा होता. तो दाखवत होता मला. म्हणाला, माझ्या बाबाच्या हातचं बटण कधी तुटत नाही.”

मला रडू फुटतं. बेनी गेल्यानंतरच्या पहिल्याच सुट्टीत एलियसने तो खिसा मागितला होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाला डबी हरवते. तेलाला अंगाची ऊब हवी होती, आणि मी मेला त्याची टिंगल करत राहिलो, वसईच्या मे महिन्यात तुला अस्तर कशाला म्हणून. एवढं ओझं त्याने एकट्याने वागवलं. त्याचा राग येतो आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटतं.

“काढ झगा,” मी म्हणतो. “आत्ता लावून देतो.”

पायाखालचा बर्फ आता कॅथेड्रलची फरशी झालाय. बाक तिथेच आहे, बेनीही. मी सुई काढतो, पण नेढं दिसत नाही. एरवी नात ओवून देते.

“आण इकडे. फौजेत सगळे शिकतात.” बेनीच्या कोटाच्या काठाचा एक दोरा तो हळूच ओढतो, सुईत ओवतो, गाठ मारतो आणि सुई माझ्या हातात ठेवतो. “पण झगा आता मातीत गेला रे. डबी तू येशील तेव्हा घेऊन ये.”

“येतो. घाई करू नकोस.”

“बाबा, उठा, चहा!” सुनेची हाक येते.

केळीची पानं सळसळतायत. मी बाकावर उठून बसतो. माझ्या चिमटीत सुई आहे, ओवलेली, गाठ मारलेली. दोरा लष्करी हिरवा. माझ्या दुकानात पांढरा, काळा, लाल, जांभळा, सगळे दोरे आहेत. हा रंग बेनी गेल्यापासून मी घरात आणलेला नाही.

कपाटातून मी माझा लग्नातला काळा कोट काढतो. मला त्यातच पुरा, असं घरी सांगून ठेवलंय. तो उलटा करून मांडीवर घेतो.

“बाबा, चहा गार होतोय!”

“होऊ दे,” मी म्हणतो, आणि आतून, डाव्या बाजूला, पहिला टाका घालतो.