खुंटीवरचा कोयता
केळीच्या चिकाचा वास आला की मला चिंचणीच्या आमच्या वाडीतली ती दुपार आठवते. बांधावरून भांडण पेटलं आणि बाबांचा कोयता शेजारच्या काकांच्या खांद्यात बसला. काका वाचले, पण संध्याकाळी हवालदार ओटीवर बसून मला विचारत होता, "कोयता कमरेला होताच, की भांडण ऐकून घेतला? दुखापतीचं कलम तर लागलंच आहे. मुद्दाम नेला असेल तर वर खुनाच्या प्रयत्नाचं, हाफ मर्डरचं कलमही लागेल, मग सगळा जन्म आत." आमच्याकडे वाडीत राबणारा माणूस कमरेच्या लाकडी आकडीत कोयता अडकवूनच फिरतो. पण बाबा तेव्हा जेवत होते, कोयत्यासकट आकडी खुंटीला होती. बांधावर काकांचा ओरडा ऐकून त्यांनी उष्ट्या हातानं ती कमरेला बांधली, ते मी एकटीनंच पाहिलं होतं. दारातून आई म्हणाली, "सांग ना गं, त्यांच्या कमरेला कायम कोयता हाय." "होताच," मी म्हणाले. शिक्षा दुखापतीचीच झाली, दीड वर्षानं बाबा घरी आले. तेव्हापासून ते जेवतानाही आकडी सोडत नाहीत, आणि वाढताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत नाही.