धुऱ्यावरचा ट्रायपॉड

जगात पाहण्यासारखं जे जे काही आहे ते चांदूर बाजार तालुक्यातच आहे, लोक उगाच काश्मीरला जातात, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ते म्हणजे माझे साडू. संत्र्याचा बगीचा मुलावर सोपवून त्यांनी साठीत कॅमेरा घेतला. तोही लग्नाबिग्नाचे फोटो काढायला नाही, निसर्गाचे काढायला. अमरावतीच्या दुकानदाराने विचारलं, "काका, नातवासाठी घेऊन राहिले काय?" तेव्हापासून ते त्या दुकानाच्या रस्त्यानेही जात नाहीत.

शिकणं मात्र हाडाचं. ट्रायपॉड वाऱ्याने हलू नये म्हणून त्याला खाली वजन टांगावं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि संत्र्यांची थैली टांगली. मग पहाटेच मला सोबत नेऊन, उजेडाची वाट पाहताना संत्री सोलत बसायचे. मनासारखा उजेड येईपर्यंत वजन पोटात गेलेलं असायचं आणि फोटो हलायचा. जागा निवडण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. रिद्धपूरच्या रस्त्यावरचा एक पळस दाखवायला त्यांनी मला सकाळी नेलं, दुपारी नेलं, सांजेला पुन्हा नेलं. "झाड थेच आहे साडभाऊ, पण उजेड पाहा कसा बदलते." मी वैतागलो होतो, पण गंमत म्हणजे सांजेला मलाही ते दिसलं.

एक फोटो मात्र त्यांना मिळत नव्हता. स्वतःच्याच वावराचा, मागे सातपुड्याची रांग घेऊन. तो जमायचा फक्त एका कोपऱ्यातून, आणि तो कोपरा मोठ्या भावाच्या वावरात, विहिरीपाशी होता. दोघांच्या मधल्या बांधावरून, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्यावरून, भांडण झालं, मोजणी झाली आणि बोलणं बंद पडलं ते पडलंच. सख्खे भाऊ, पण लग्नकार्यात एका पंगतीला बसत नसत. "भावाशिवाय चालते मले," साडू म्हणायचे, "पण तो कोपरा पाहिजे." काहून, ते सांगत नसत.

मागच्या हिवाळ्यात न राहवून ते मला घेऊन निदान धुऱ्यापर्यंत गेले. आता तीन पायांवर यंत्र उभं करून, एक डोळा मिटून कोणी धुऱ्यावर वाकलं, की आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होतो. मोठे भाऊ तुरीतून तरातरा आले.

"आता पुन्हा काय मोजून राहिला?"

"मोजत नाही, दादा. फोटो काढून राहिलो."

"कायचा?"

"वावराचा."

"काहून? वावर कुठी चाललं काय?"

 साडू कॅमेऱ्यापासून बाजूला सरले. दादांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, "इथून नाही जमत. विहिरीपाशी चाल. बाबा थ्या कोपऱ्यातूनच पाहत उभे राहायचे."

"माहीत आहे मले," साडू म्हणाले आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून धुरा ओलांडून गेले.

फोटो काही खास आला नाही. पुन्हा काढावा लागेल म्हणून साडू दर आठवड्याला तिकडे जातात, आणि अजून त्यांच्या मनासारखा आलेला नाही. हल्ली ट्रायपॉड दादा धरतात, त्यामुळे मला बोलावणं येत नाही. मला त्याचा आनंदच आहे. फक्त पहाटे आपोआप जाग येते, तेव्हा थोडं वाईट वाटतं.