माझ्याकडे बरोबर दिसतंय

भांडुपचे नंदकिशोर परुळेकर वेबपेज बनवतात. दवाखाने, क्लासेस, पापडवाल्या बायका, सगळ्यांची. माणूस गुणी, पण खोड एकच. पेज फक्त स्वतःच्या कॉम्प्युटरवर, एकाच ब्राउझरमध्ये बघायचं आणि मोकळं व्हायचं. कुणी तक्रार केली की उत्तर ठरलेलं, “माझ्याकडे बरोबर दिसतंय.” बायको कमल या वाक्याला आपली सवत म्हणते.

मुलीचं, रश्मीचं, लग्न ठरलं तेव्हा पत्रिकाही अर्थात वेबपेजवरच निघाली. आजोळच्या मंडळींसाठी त्यांनी सुरेख चौकट केली, तिची उंची मोजूनमापून पक्की ठोकली आणि शेवटची ओळ थोरल्या मामाला, दत्तारामदादांना, मोठ्या अक्षरांत दिली. त्याखाली लगेच जेवणाचा बेत. घरी सगळं झकास दिसलं.

दादा राहतात बोरिवलीला आणि वापरतात आयफोन. तिथल्या ब्राउझरने अक्षरं किंचित रुंद काढली, वरची नावं एक ओळ खाली सरकली, चौकट काही वाढेना, आणि दादा चौकटीबाहेर पडून थेट बेतात जाऊन बसले: श्री. दत्ताराम, मसालेभात, अळूवडी, जिलेबी.

दादांचा फोन आला.

“भावोजी, मला शिजवणार कधी?”

“दादा, माझ्याकडे बरोबर दिसतंय.”

“मग लग्नही तुमच्याकडेच लावा. मी येत नाही.”

मामाच नाही तर रश्मीला बोहल्यावर आणणार कोण? पोरगी रडायला लागली. कमल म्हणाली, “अहो, तुमचं ते वाक्यच उभं करा आता मामा म्हणून.” नंदकिशोरना आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्याची लाज वाटली.

लॅपटॉप काखेत मारून ते बोरिवलीला गेले. उंचीची सक्ती काढली आणि चौकटीला सांगितलं, किमान एवढी राहा, पुढे लागेल तशी वाढ. दादा आपल्या ओळीत परत आले. मग वहिनींच्या फोनवर पाहिलं, शेजाऱ्यांच्या टॅबवर पाहिलं, वॉचमनच्या तडा गेलेल्या फोनवरही पाहिलं. दादांनी चहा दिला, पण राग सोडला नाही.

लग्नाला दादा आले. रश्मीला हाताला धरून बोहल्यावर आणलं, भावोजींशी मात्र अबोला. पंगत बसली. आग्रह करत फिरणारे नंदकिशोर दादांपाशी येऊन घुटमळले.

दादांनी ताटावर नजर फिरवली. “मसालेभात आला, अळूवडी आली. बेतातला पहिला पदार्थ कुठाय, भावोजी?”

नंदकिशोरचे डोळेच भरून आले. “दादा, चुकलो.”

“हा काय, इथे बसलाय,” दादा म्हणाले. “त्याला जिलेबी वाढा.”