रेघेसाहेबांचं ग्राफिक्स कार्ड

बॉयलर तपासणी खात्यात त्यांना सगळे रेघेसाहेब म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हतं. बॉयलरच्या प्रेशर गेजवर दाबाची मर्यादा जिथे संपते तिथे लाल रेघ मारलेली असते, आणि काटा त्या रेघेच्या नुसता आसपास फिरकला तरी साहेबांच्या कपाळाला आठी पडे. त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. नव्याने आलेली एक कारकून बाई तर कितीतरी दिवस सरकारी पत्रांवरही तेच आडनाव टाकत होती. साहेबांनी तिला कधी टोकलं नाही. मनातून त्यांना ते आवडलं असावं.

सगळी नोकरी त्यांनी लोकांना एकच गोष्ट सांगण्यात घालवली: बॉयलरच्या पाटीवर दाब लिहिलाय तेवढाच. कापड रंगवायचे कारखाने, बिस्किटांचे कारखाने, इस्पितळांचे धोबीखाने, जिथे जिथे वाफ लागते तिथे तिथे साहेब डांगरी चढवून, हातात टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन बॉयलरच्या पोटात शिरत. बाहेर मालक हात चोळत उभा असे. यंत्र नवं कोरं आहे, दाब जरासा वाढवून मिळाला तर बरं, असं तो हळूच सुचवी. साहेब म्हणत, "यंत्राला विचारून सांगतो." मग हातोडीने पत्र्यावर दोनचार ठिकाणी ठोकत, कान लावून ऐकत आणि चेहरा न हलवता सांगत, "नाही म्हणतंय."

घरीही तोच खाक्या. कुकरची शिट्टी जरा लांबली की हे बाहेरच्या खोलीत. गाडी कधी पाटीवरच्या वेगाच्या वर गेली नाही, आणि लग्नात मिळालेली सुटकेस कधी फुगली नाही. बायको शाळेत भूगोल शिकवायची. ती म्हणे, आमच्याकडे ज्वालामुखी फक्त पुस्तकात.

पुढे साहेबांचे गुडघे गेले. वाकून मॅनहोलमधून आत शिरणं जमेना, तेव्हा खात्याने त्यांना टेबल दिलं. आता आत जायचं तरुणांनी आणि सही करायची साहेबांनी. हातोडी कपाटात गेली. त्याच सुमारास मुलीला दुसऱ्या शहरात नवी नोकरी लागली. इमारती बांधायच्या आधी त्या कशा दिसतील याची चित्रं ती कॉम्प्युटरवर बनवायची. नव्या ऑफिसने तिला नवा कॉम्प्युटर दिला, म्हणून जुना ती घरीच ठेवून गेली. जुना म्हणजे तसा दांडगाच होता. काचेच्या पेटीत तीन पंखे, पडद्यावरची चित्रं रंगवणारं जाडजूड ग्राफिक्स कार्ड, आणि आत रंगीत दिवे. यंत्राच्या पोटात रोषणाई कशाला, हे साहेबांना कधी पटलं नाही.

पण रिकामं मन कुठेतरी जातंच. एका रविवारी त्यांना त्यात ट्रक चालवायचा एक खेळ सापडला. माल भरायचा आणि गावोगाव पोचवायचा, बस. साहेब त्यात रमले. अर्थात खेळातही त्यांनी वेगमर्यादा मोडली नाही. मागून येणाऱ्या खोट्या गाड्या खरे हॉर्न वाजवत, आणि साहेब शांतपणे म्हणत, "वाजव, वाजव." तक्रार एकच होती. वळण आलं की चित्र अडखळायचं. रस्ता वाहायच्या ऐवजी तुकड्यातुकड्यांनी पुढे यायचा, आणि साहेबांचा ट्रक कठड्याला घासायचा.

ही तक्रार त्यांनी मेव्हण्यापुढे बोलून दाखवली, हे चुकलं. मेव्हण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि जिभेला हाड नव्हतं. तो चहा पिता पिता म्हणाला, "दाजी, त्यात काय? कार्ड ओव्हरक्लॉक करा."

म्हणजे काय, ते त्याने सांगितलं. कारखान्यात एकाच जातीची हजारो कार्डं बनतात. त्यातलं सगळ्यात मरतुकडं जे असेल, त्याला झेपेल तो वेग सगळ्यांना लावून देतात. आपलं कार्ड दणकट निघालं तर ते उगाच दबून राहतं. एक छोटा प्रोग्राम असतो, त्यात एक पट्टी सरकवायची, की वेग वाढला. फुकटात.

साहेबांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी मेव्हण्याला मर्यादा म्हणजे काय, ती कोण ठरवतं आणि ती मोडल्यावर छप्परं कशी उडतात, यावर असं काही ऐकवलं की तो दुसरा चहा न घेताच उठला.

खरी अडचण अशी होती की मेव्हणा खरं बोलत होता आणि साहेबांना ते माहीत होतं. कुठल्याही पाटीच्या आकड्यापलीकडे यंत्रात थोडी ताकद राखून ठेवलेली असते. स्वतः साहेबच तर बॉयलरमध्ये पाणी भरून, पाटीपेक्षा जास्त दाब देऊन त्याची परीक्षा घेत आले होते. पण ही गोष्ट तपासनीस आणि बॉयलर या दोघांतली. ती मालकाच्या कानावर जाऊ द्यायची नसते. आणि इथे एक दुकानदार बैठकीच्या खोलीत बसून ती बिनदिक्कत बोलून गेला होता.

त्यानंतर साहेब ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर वाचू लागले. कार्डाचा वेग, त्याचं तापमान, त्याला लागणारी वीज. शिपाई फाइल घेऊन आला की ते झटकन पडदा बदलत. शिपायाने बाहेर जाऊन सांगितलं की साहेब हल्ली काहीतरी भलतंच बघतात, आणि या वयात असं होतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

शेवटी एका शनिवारी दुपारी बायको उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन तपासायला बसली असताना साहेब कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. आधी त्यांनी टेबलाखालची सतरंजी गुंडाळली, पडदे बांधून ठेवले आणि गाडीतलं अग्निशामक नळकांडं आणून खुर्चीशेजारी उभं केलं.

"अहो, पेटणार आहे का ते?" बायकोने विचारलं.

"पेटणार नाही. पण नियम आहे."

पहिल्यांदा त्यांनी पट्टी अगदी चिमूटभर सरकवली आणि परीक्षेचा प्रोग्राम चालू केला. त्यात काचेचा एक महाल होता. त्याचे खांब, झुंबरं आणि आतले धबधबे सारखे गरगर फिरत, म्हणजे कार्डाला दम लागे. साहेबांनी पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. बायकोने मान वर केली आणि पुन्हा कुणाच्या तरी वाळवंटाला गुण देऊ लागली.

काही झालं नाही. साहेबांनी अजून थोडं वाढवलं. पंखे घरघरू लागले, तापमान चढलं, महाल आणखी झरझर फिरला. अजून थोडं. साहेबांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तरुणपणी पहिल्यांदा बॉयलरच्या पोटातून बाहेर आल्यावर जसं वाटलं होतं, तसं काहीसं त्यांना वाटत होतं. बायकोच्या लक्षात आलं की नवरा गुणगुणतोय. लग्नानंतर हे ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि सूर काही बरा नव्हता.

मग महालाच्या खांबांवर हिरवे ठिपके उठले. कांजिण्या याव्यात तसे. साहेबांना त्याचा अर्थ पुरेपूर माहीत होता. यंत्र एकदा सांगतं, दुसऱ्यांदा सांगत नाही, हे वाक्य त्यांनी कितीतरी मालकांना ऐकवलं होतं. ते ठिपक्यांकडे बघत राहिले. "एवढं एवढंसं," असं स्वतःशीच म्हणाले आणि पट्टी पुढे ढकलली.

पडदा काळाठिक्कर पडला. पंखे एकदा जोरात ओरडले आणि गप्प झाले.

साहेबांनी आधी प्लग उपटला आणि मग नळकांडं उचललं. धूर नव्हता, वास नव्हता, ज्योत नव्हती. विझवण्यासारखं काहीच नसल्यामुळे ते नळकांडं छातीशी धरून तसेच उभे राहिले. मुलीने पहिल्या पगारातून घेतलेलं ते कार्ड. तिला काय सांगायचं? त्यांच्या डोक्यात एकामागून एक सबबी येऊ लागल्या. विजेचा दाब कमीजास्त झाला असेल. कार्डच मुळात नाजूक असेल. सगळ्या सबबी ओळखीच्या होत्या. वर्षानुवर्षं त्या मालकांच्या तोंडून ऐकून त्यांनी फेटाळल्या होत्या.

त्यांनी मेव्हण्याला फोन लावला. "मी काही केलं नाही. आपोआप बंद पडलं."

पलीकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज आला. मग मेव्हण्याने सांगितलं की पुन्हा सुरू करा, काही होत नाही, झेपेनासं झालं की ते स्वतःच मान टाकतं. आणि तसंच झालं. कॉम्प्युटर सुरू झाला तो जणू काही घडलंच नाही अशा थाटात, आणि कार्ड आपलं आपण कारखान्याच्या मूळ वेगावर जाऊन बसलं होतं. साहेबांचा जीव भांड्यात पडला, पण जरा वाईटही वाटलं. हे यंत्र स्वतःला स्वतःच आवरत होतं. शिक्का नाही, सही नाही, तपासनीस नाही. अशी यंत्रं सगळीकडे झाली असती तर खातंच बंद करावं लागलं असतं.

मग त्यांनी शहाण्यासारखं, ठिपके उठतात त्याच्या बरंच अलीकडे वेग बांधला. महाल संध्याकाळपर्यंत फिरवत ठेवला. परीक्षेच्या प्रोग्रामने कार्डाला दिलेले गुण थोडे वाढले होते. मग ट्रक काढला, आणि पहिल्याच वळणावर त्यांचा चेहरा उजळला. रस्ता लोण्यासारखा वाहत होता. त्यांनी बायकोला हाक मारली.

"फरक दिसतोय ना?"

बायकोने चष्म्यावरून बघितलं. "दिसतोय."

"किती?"

"बराच."

पुढच्याच आठवड्यात इस्पितळाच्या धोबीखान्याचा फोरमन अर्ज घेऊन ऑफिसात आला. चादरी वाळायला वेळ लागतो, दाब थोडा वाढवून हवा होता. साहेब हल्ली खुशीत दिसत होते, त्यामुळे काम होईल असं सगळ्यांना वाटलं. साहेबांनी अर्ज न वाचताच परत केला.

फोरमन अजिजीने म्हणाला, "साहेब, थोडं वाढवल्यानं काय होतं?"

एरवी साहेबांनी त्याला पोलादाचं गणित समजावलं असतं. या वेळी ते इतकंच म्हणाले, "थोड्यावर थांबता येत नाही. मला माहीत आहे." आणि ते त्यांनी अशा काही सुरात म्हटलं, की फोरमनने त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. इतके दिवस साहेबांची समजूत होती की नियम बेफिकीर लोकांसाठी असतात. ते आपल्यासारख्यांसाठी असतात, हे त्यांना या वयात कळलं.

मुलगी सुट्टीवर आली तेव्हा तिची बॅग धड खाली टेकायच्या आत साहेबांनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सगळी हकिकत सांगितली, हिरव्या ठिपक्यांसकट. काळा पडदा तेवढा वगळला. तिने प्रोग्राम उघडून पाहिला आणि वळून वडिलांकडे बघितलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"कुणी मदत केली नाही," साहेब म्हणाले.

ती मनापासून खूश झाली. मग खेळ कसा चालतो ते बघावं म्हणून तिने तो सुरू केला, कपाळाला आठी घातली, खेळाच्या सेटिंगमध्ये शिरली, आणि तिने ओठ दाबले. काय झालं, असं साहेबांनी दोनदा विचारल्यावर तिला सांगावंच लागलं. सेकंदाला किती चित्रं दाखवायची याची एक बरीच खालची मर्यादा त्या खेळातच लावलेली होती, आणि ती अजून चालू होती. कार्ड कितीही धावलं तरी खेळ तेवढीच चित्रं दाखवणार. ट्रक पहिल्या दिवशी जसा चालत होता, तसाच आजही चालत होता.

"कुणी लावली ती?"

"मीच. पंखे ओरडायचे आणि तुमची दुपारची झोप मोडायची. तुम्ही किती चिडायचात."

साहेबांनी बायकोकडे बघितलं. ती वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसली होती.

"तू तर म्हणालीस, बराच फरक दिसतोय."

"तुम्ही विचारलंत म्हणून म्हणाले," ती पान उलटत म्हणाली. "आणि तुम्हाला दिसत होता की."

वळणावरचा तो लोण्यासारखा रस्ता त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. त्यांनी मुलीला सांगितलं, ती मर्यादा काढ.

तिने काढली. आता मात्र रस्ता खरोखरच वाहू लागला. झाडं सरसर मागे जाऊ लागली, डांबराचा कण न् कण दिसू लागला. साहेबांनी एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणावर त्यांना दरदरून घाम फुटला, डोकं गरगरलं, आणि ट्रक भर रस्त्यात सोडून ते आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. बायकोने कपाळावर ओली पट्टी ठेवली. ती हसली नाही, निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, कार्ड पहिल्यासारखं करून ठेवू का? साहेब म्हणाले, राहू दे. मग तीच ट्रक चालवायला बसली आणि साहेब शेजारी स्टूल घेऊन बसले, जरा बाजूला मान वळवून, म्हणजे चक्कर येणार नाही. ती सुसाट सोडत होती. साहेब प्रत्येक वळणाला "हळू" म्हणत, आणि ती "हो बाबा" म्हणून तेवढ्याच वेगाने वळण घेई. साहेब काही तिला थांबवत नव्हते. फक्त त्यांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर करकचून दाबलेला होता, आणि डोंगरउताराचा रस्ता आता कुठे सुरू झाला होता.