रेघेवरचं गिऱ्हाईक

वडगावच्या विणकर आळीत आण्णाप्पा म्हणून एक कोष्टी राहायचा. हात चांगला होता, पातळाचे काठ सुबक काढायचा, पण कुणाला नाही म्हणणं त्याला आयुष्यात कधी जमलं नाही. एकदा शेजारी नवीन आलेल्या म्हाताऱ्यानं त्याला चुकून ‘गुंडू’ म्हणून हाक मारली, तर म्हाताऱ्याला वाईट वाटायला नको म्हणून तो म्हातारा जाईपर्यंत गुंडूच राहिला. एकदा रस्त्यानं चाललेल्या वरातीत कुणीतरी त्याच्या डोक्यावर गॅसबत्ती ठेवली, आणि हा गडी ओळख ना पाळख, उचगावापर्यंत बत्ती धरून गेला. तिथं जेवण झाल्यावर वरपित्यानं विचारलं की आपण कुठले पाहुणे, तेव्हा कुठं सुटका झाली.

महायुद्ध सुरू व्हायच्या थोडं आधी बेळगावात मारुतीराव नावाच्या कंत्राटदारानं बाजाराजवळ पत्र्याचं एक लांबलचक छप्पर घातलं आणि त्याखाली तऱ्हेतऱ्हेच्या खाणावळी बसवल्या. मधल्या भिंती बांधायला उशीर होत होता, म्हणून त्यानं जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून ज्याची त्याची जागा ठरवून दिली. एका बाजूला उडपीकडच्या अनंत भटाचं डोसा-इडलीचं दुकान, त्याला लागून बसलिंगाप्पाची जोंधळ्याच्या भाकरीची खाणावळ, आणि दोघांच्या समोर कारवारहून आलेल्या मालुबाईची माशांची चूल. पलीकडच्या टोकाला एक इराणी चहा करायचा. लोक त्या जागेला ‘फराळमंडई’ म्हणायला लागले.

एका शनिवारी शहापुरात व्यापाऱ्याकडं पातळं पोचवून आण्णाप्पा फराळमंडई बघायला आला. दारातूनच वासांची अशी गर्दी झाली की आधी कुठं जावं ते त्याला कळेना. म्हणून तो विचार करायला एका बाकावर टेकला. त्या बाकाखालूनच भटाची आणि बसलिंगाप्पाची रेघ गेलेली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

भटानं मुकाट्यानं डोसा आणून समोर ठेवला. आण्णाप्पानं मागितला नव्हता, पण परत ने म्हणायचा त्याला धीर झाला नाही. पहिला तुकडा तोंडात घालतोय तोच बसलिंगाप्पा पळी घेऊन आला आणि म्हणाला की हे गिऱ्हाईक माझं आहे, बसलंय माझ्या हद्दीत. भट वाकून बघून म्हणाला की बूड तुमच्याकडं असेल, पण पोट माझ्याकडं आहे, आणि खाणं पोटात जातं. बसलिंगाप्पानं उत्तर दिलं की माणूस बसतो तो बुडावर, पोटावर नव्हे. एवढ्यात मालुबाई चुलीपुढून उठून आली. तिनं शांतपणे दाखवून दिलं की दोघांचं भांडण चाललंय खरं, पण या माणसाचे पाय लांब करून माझ्या रेघेच्या आत ठेवलेले आहेत.

आण्णाप्पा पाय आखडून उठायला लागला. तशी तिघांनीही त्याला खाली दाबलं.

“हलू नगोस रं,” बसलिंगाप्पा म्हणाला. “तू हललास की पुरावा गेला.”

निवाडा मारुतीरावच देणार, पण तो लाकूड आणायला लोंढ्याला गेला होता आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचा होता. तोवर आण्णाप्पानं आहे तसं बसून राहायचं ठरलं. कुणी ठरवलं ते सांगता येत नाही, पण आण्णाप्पानं मान हलवली एवढं खरं.

बाजूला इडली खात एक वकील बसले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी समजावून सांगितलं की जागेच्या दाव्यात वहिवाट महत्त्वाची. ज्याचं अन्न या इसमाच्या पोटात जास्त वेळ जात राहील, त्याचा हक्क शाबीत होईल. एवढं बोलून वकील हात धुऊन निघून गेले आणि मागं जे सुरू झालं त्याला थोपवणं कुणाच्याच हाती राहिलं नाही.

भटानं दुसरा डोसा टाकला. बसलिंगाप्पानं भाकरी, भरलं वांगं, दह्याचा गोळा आणि ताक आणलं. मालुबाईनं बांगड्याचं कालवण असं वाढलं की रस्सा ताटाच्या काठाला लागला. एकाचा घास घेतला की दुसरा कासावीस व्हायचा, म्हणून आण्णाप्पा न्यायानं खायला लागला : डोशाचा तुकडा, भाकरीचा तुकडा, मग माशाचा. पहिल्यांदा तो घाबरून खात होता. मग त्याच्या लक्षात आलं की डोशाला बांगड्याचा रस्सा झकास लागतो, आणि वांग्यावर भटाची चटणी घातली तर तोंडाला नुसतं पाणी सुटतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नवीन दावा उभा राहिला असता. पलीकडच्या इराण्याची रेघ लांब होती, पण पुढंमागं उपयोगी पडेल म्हणून त्यानंही एक चहा पाठवून दिला.

बघ्यांची गर्दी जमली. आण्णाप्पाला आजवर एवढ्या लोकांनी एकदम कधी बघितलं नव्हतं. तो नकळत ताठ बसला आणि त्यानं फेटा नीट केला.

दुपार कलल्यावर वेगळीच अडचण आली. चहा, ताक आणि रस्सा यांचा जो व्हायचा तो परिणाम झाला. आण्णाप्पानं लाजत करंगळी वर केली. तिघांनी बराच वेळ खल केला. शेवटी बाकावर त्याच्या बुडाभोवती चुन्यानं रेघ मारली, पावलांच्या खुणा काढल्या, आणि त्याचा फेटा त्या जागेवर ठेवून घेतला. फेटा आहे तोवर माणूस बसलेलाच धरायचा, असं ठरलं. आण्णाप्पा बाहेर गेला तेव्हा बसलिंगाप्पानं फेट्यापुढंही भाकरी ठेवली, उगाच वहिवाट तुटायला नको.

बाहेर वडगावचा भरमा गाडी जुंपत होता. बोडक्या डोक्याच्या आण्णाप्पाला बघून त्यानं विचारलं, घरी येतोस का. आण्णाप्पाला निसटायला एवढी मोकळी वाट पुन्हा मिळणार नव्हती. त्यानं गाडीकडं बघितलं, मंडईच्या दाराकडं बघितलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “आत माझं काम अडलंय. आणि तिसऱ्या वक्ताचा मासा अजून तव्यावर हाय.”

भरमा निघून गेला. आपण आत्ता कुणाला तरी नाही म्हटलं, हे आण्णाप्पाच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तो आत आला, आपल्या खुणांवर पावलं ठेवली आणि बसला.

दिवेलागणीला मारुतीराव आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, काठीनं बाक मोजला, खाली वाकून रेघ बघितली आणि निवाडा असा दिला की बाक मुळात कुणाचाच नाही. तो मंडईचा, वाट बघणाऱ्यांसाठी टाकलेला. तेव्हा त्यावर बसलेला माणूस वाट बघत होता, जेवत नव्हता. त्यानं दिवसभर काही खाल्लंच नाही असं धरावं आणि पैसे कुणी मागू नयेत.

कुणाचंच समाधान झालं नाही. शेवटी तिघं आण्णाप्पाकडंच वळले. तूच सांग, तू कुणाचा? दुपारी एकदा नाही म्हटल्यानं आण्णाप्पाच्या अंगात बळ आलं होतं. त्यानं बोटं चाटली आणि प्रामाणिकपणे सांगितलं.

“समदं लई चांगलं हुतं. पर मीठ तिघांच्यातबी जरा कमीच पडतंय.”

सकाळपासून एकमेकांचं तोंड न बघणारे तिघं एका क्षणात एक झाले. भटानं एक हात धरला, बसलिंगाप्पानं दुसरा, मालुबाईनं फेटा त्याच्या डोक्यावर आदळला, आणि तिघांनी मिळून त्याला दाराबाहेर पोचवलं. जाता जाता त्या तिघांत मिठावरून पहिल्यांदा सलोख्याचं बोलणं सुरू झालेलं त्याला ऐकू आलं.

घरी बायको, राजाबाई, ताट वाढून बसली होती. त्यानं जेवणार नाही म्हणून सांगितलं आणि सगळी हकीकत ऐकवली. ती हसली नाही. डोशावर बांगड्याचा रस्सा नेमका कसा लागतो, एवढंच तिनं परतपरत विचारून घेतलं.

पुढच्या शनिवारी राजाबाई आळीतल्या नागुबाईला आणि बाळाबाईला घेऊन फराळमंडईत गेली. तिघी त्या बाकावर रेघेवर बरोबर मापून बसल्या आणि पाय पुढं लांब केले. भट डोसा घेऊन निघालेला जागच्या जागी थांबला.

“काय पायजे, आक्का?” त्यानं बिचकत विचारलं.

“काय नगो,” राजाबाई म्हणाली. “आमी वाट बघतोय.”

त्या संध्याकाळी मारुतीरावानं सुतार बोलावून बाक रेघेवर कापून घेतला. दोन पायांचे दोन तुकडे झाले. एकही उभा राहीना, तेव्हा भटानं आपला तुकडा भिंतीच्या कडेला टेकवला आणि बसलिंगाप्पानं आपल्या तुकड्याखाली जोंधळ्याचं पोतं लावलं.