बंद पंपांना हिरवा रंग

आधी चहा घ्या. माझा हा मूर्खपणा कोरड्या घशानं ऐकण्यासारखा नाय.

मी ड्रेनेजचा इंजिनिअर. जन्मभर गावाची घाण उपसून दमलोय, खरं सांगतो. आमच्या संभाजीनगरच्या पंपहाऊसात तीन पंप, त्यातले दोन बंद. तिसरा अडला की खालच्या गल्लीत बायांच्या मोरीतून मैला वर येतो, अन् फोन कोणाला? मला!

म्हणून देशभरातल्या आम्ही ड्रेनेजवाल्यांनी मिळून संघटना काढली. लिहायला सापडलो मी. दिल्लीला अर्जावर अर्ज केले, मायबाप, पंप मेलेत, नवे द्या! शेवटी निरोप आला, दिल्लीच्या खात्यातल्या मोठ्या मॅडम हाल डोळ्यांनी बघायला तुमच्याच पंपहाऊसात येतायत. मंजुरी त्यांच्याच हातात.

आता मला करायचं काय होतं? काहीच नाय! आहे तसं दाखवायचं. पण सरकारी नोकरीत मुरलेला माणूस मी. 'वरून पाहणी' म्हटलं की डोकं बंद, हात चालू!

चुन्याच्या रेघा मारल्या. कुंड्या मागवल्या. वास नको म्हणून वरनं येणारं घाण पाणी दोन तास अडवून धरलं. बंद पंपांना हिरवागार रंग!

आमचे ऑपरेटर सलीमभाई म्हणाले, "साब, मरे हुए पंप कू रंग कायकू?"

"लावा हो! दिल्लीच्या बाई येतायत, अब्रू जाईल."

"लेकिन अपन कू तो हाल दिखाना था ना?"

"तुम्ही ब्रश चालवा!"

चिकलठाण्याच्या विमानतळावरून मॅडमला आणलं. बघून लई खूश झाल्या. जाताना एवढंच विचारलं, "सब ठीक चल रहा है ना?"

अहो, उभ्या नोकरीत साहेबलोकांना एकच उत्तर दिलेलं. तोंडातनं आपोआप निघालं, "जी मॅडम, एकदम ओके! कोई तकलीफ नहीं!"

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. मी तोवर शाल-श्रीफळ घेऊन पुढं झालो होतो.

मग दिल्लीत निकालाची बैठक. गावोगावचे इंजिनिअर जमलेले. मी लिहून दिलेलं भाषण आमच्या अध्यक्षांनी असं वाचलं, की माझेच डोळे भरून आले.

मॅडमनी शांतपणे ऐकलं अन् म्हणाल्या, "नए पंप किसलिए? संभाजीनगर के इंजिनिअर साहब पुराने पंप बढ़िया चला रहे हैं. उनसे सीखिए!"

मागणी नामंजूर! सगळा हॉल चिडून माना वळवून शोधायला लागला, कोण हा गद्दार?

मीबी मान वळवली अन् त्यांच्यासोबत शोधायला लागलो.