‘घरगूती’मधला दुसरा उकार

फेलिसिदादबाई मेंडिस यांनी छत्तीस वर्षं माळावरच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर पुढची तेरा वर्षं जिल्ह्याच्या वर्तमानपत्राला शिकवलं. सकाळी आठच्या सुमाराला पेपर फाटकात पडला, की हातातला चहा तसाच ठेवून त्या लाल पेन्सिल उचलत. चुकलेली वेलांटी, पळालेला अनुस्वार, तुटलेलं जोडाक्षर, सगळ्याला गोल. महिनाअखेरीला खुणा केलेली पानं पाकिटात घालून संपादकांच्या नावे पोस्टात टाकत. एकदा संपादकांचं उत्तरही आलं होतं. ‘आपण आमच्याकडे रुजूच का होत नाही?’ बाईंनी त्या पत्रातही एक गोल केला आणि ते कपाटात जपून ठेवलं.

मोबाइलवर वाचणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग. बाजारपेठेत विराजचं मोबाइलचं दुकान आहे. विराज त्यांचा जुना विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा. दुकानावरून जाताना बाई थांबून त्याला ऐकवत, “कागदावरचं अक्षर आपल्या जागी उभं राहतं रे. तुमच्या काचेवरचं नुसतं पळतं. पळणाऱ्याशी कधी ओळख होते का?” विराज मान खाली घालून हसे. बाईंसमोर आजही त्याची मालवणी जीभ गुपचूप शाळेत जाऊन बसायची आणि तोंडातून शुद्ध मराठी यायची.

मग बाईंच्या एकाहत्तराव्या वर्षी अक्षरांनीच पळायला सुरुवात केली, आणि तीही कागदावरून.

आधी वाटलं चष्मा बदलायला झाला. मग ओळीच्या मधोमध चहा सांडल्यासारखा डाग दिसू लागला. बाई बोटानं पुसत, पान उन्हात धरत. डाग त्यांच्या नजरेबरोबर फिरे. कुडाळच्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली. “बाई, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. तुम्ही आंधळ्या होणार नाही. चालाल, फिराल, माणसं ओळखाल. पण जिथे रोखून बघाल, नेमकं तेच दिसणार नाही.”

“म्हणजे वाचायचं नाही?”

डॉक्टर खाली बघून चिठ्ठी लिहू लागले. बाईंना काय ते कळलं.

त्यानंतरचं दीड वर्ष घरात फार वाईट गेलं. घरात दोघंच. बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ इनास. इनासची बायको वारल्यापासून तो बहिणीकडेच राहायचा. थोरल्या बहिणीला तो ‘बाय’ म्हणे. पेपर वाचून दाखवायचं काम त्याच्यावर आलं. त्याची वाचनाची तऱ्हा वेगळी.

“बाय, आज कोण कोण मेलो ता आदी वाचू?”

“अग्रलेख वाच.”

“अग्रलेखात काय नाय आज.”

“न वाचताच कसा कळला तुका?”

“रोजच काय नसता गो.” असं म्हणून तो सरळ क्रिकेटच्या पानावर जाई. जोडाक्षर आलं की खोकत असे आणि खोकला संपेपर्यंत ओळ ओलांडून पुढे गेलेला असे. बाई ऐकून घेत. लाल पेन्सिल त्यांनी तासून डब्यात ठेवली ती ठेवलीच. संध्याकाळी त्या पुस्तकांच्या कपाटासमोर बसत, एकेक पुस्तक काढून फडक्यानं पुसत, कुठलं पुस्तक ते जाडीवरून ओळखत आणि परत ठेवत. इनास लांबून बघायचा आणि मागच्या दारी निघून जायचा.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. दोघं मालवणच्या बाजारात गेली होती. बांगड्याचा वाटा घेऊन रिक्षाची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. समोर नवी खानावळ निघाली होती आणि तिच्या दारावर दिव्यांची पाटी लावली होती. काळ्याभोर पट्टीवरून हातभर उंचीची लालभडक अक्षरं एकामागून एक सरकत होती. बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या खानावळीशेजारच्या माडाकडे बघत उभ्या होत्या, उगाच. आणि नजरेच्या कोपऱ्यातून काहीतरी आत शिरलं.

घ.

बाई थबकल्या. त्यांनी पटकन पाटीकडे रोखून पाहिलं, तर डाग. पुन्हा माडाकडे पाहिलं.

र. गू. ती.

“दुसरा उकार!” बाई इतक्या जोरात ओरडल्या, की इनासच्या हातातली पिशवी खाली पडली. “अरे, ‘घरगुती’तल्या ‘गु’ला दुसरा उकार दिलाय मेल्यांनी! पहिला हवा, पहिला!”

“बाय! काय झाला? चक्कर येता?”

“इनास, माका वाचूक येता रे! माका दिसता!”

“काय दिसता? खंय?”

“थयसर! माडाकडे बघलंय की बोर्ड दिसता, बोर्डाकडे बघलंय की नाय!”

इनासनं माडाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. रिक्षा आली आणि गेली. दुसरीही गेली. बाई माडावर नजर खिळवून मोठ्यांदा वाचत राहिल्या. ‘येथे घरगूती जेवण मिळेल. सुरमई थाळी. बांगडा थाळी. सोलकढी.’ मग पाटी पहिल्यापासून सुरू होई, आणि बाईही पहिल्यापासून सुरू होत. येणारेजाणारे थांबून माडाच्या शेंड्याकडे बघू लागले, वर काय आहे म्हणून.

“बाय, बांगडे खराब होतले.”

“होवंदेत!”

दुसऱ्या दिवशी विराजनं दुकानाचं शटर वर केलं, तर पायरीवर बाई बसलेल्या. तो दचकला. आपण कुठे काय चुकीचं लिहिलं, हे आठवण्याचा त्यानं प्रयत्न केला.

“विराज, मला पळणारी अक्षरं दाखव. मोठी. काळ्यावर.”

त्याला आधी समजेना. बाईंनी पाटीची हकिगत सांगितली, तसा तो बाकीचं सगळं टाकून कामाला लागला. त्यानं शाळकरी पाटीएवढा एक टॅब काढला, अक्षरांमागचा पडदा काळा केला, अक्षरं पिवळी केली, त्या दिवशीचा पेपर उघडला.

“दिसतं?”

“मोठं कर.”

त्यानं केलं.

“अजून. अरे, लाजतोस काय? फळ्यावर लिहितात तसं कर.”

शेवटी आख्ख्या काचेवर जेमतेम दोन शब्द मावू लागले. बाईंनी काच जराशी डावीकडे धरली आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावली. बाईंचे ओठ हलले.

“मासेमारी... बंदी... एक... जूनपासून.” त्या थांबल्या. बोटानं पुढे सरकवलं. “नौका... किनाऱ्यावर... ओढण्याची... लगबग... सूरू.” मग त्यांनी टेबलावर थाप मारली. “सुरू! पहिला उकार! दीड वर्ष मी लक्ष दिलं नाही तर बघ, काय हाल केलेत भाषेचे!”

विराज हसता हसता डोळे पुसत होता. “बाई, नेताय ना हा?”

“नेत्येय म्हणजे काय! आणि बरं का, काचेबद्दल मी जे बोलले होते...”

“बाई, राहू दे हो.”

“राहू दे काय? चुकलं असेल तर खोडायला हवं. अक्षर पळतं, हे खरंच आहे. पण माझ्यासाठी थांबतंही, हे मला माहीत नव्हतं.”

घरी आल्यावर तीन दिवस बाईंना जेवणाची शुद्ध राहिली नाही. मान तिरकी, नजर भिंतीवर, बोट काचेवर. अग्रलेख वाचले, मागच्या महिन्याचे अग्रलेख वाचले, भाताच्या बियाण्याच्या जाहिराती वाचल्या. इनासनं विचारलं, “दमणंस नाय?” बाई म्हणाल्या, “दीड वर्सा उपाशी आसलेला माणूस दमता रे जेवताना?”

चौथ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापिका संचिता आल्या. शाळेला शंभर वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका निघणार होती, आणि सर्वांत जुन्या शिक्षिका म्हणून बाईंचे दोन शब्द हवे होते.

“स्मरणिकेची मुद्रितं कोण तपासतंय?” बाईंनी विचारलं.

“वेळच नाही हो बाई. एकशे बारा पानं आहेत. शुक्रवारी सकाळी कुडाळला छापायला जाणार. जमेल तशी बघतेय मीच.”

“मला पाठव.”

संचिता घुटमळल्या. “बाई, तुमचे डोळे...”

“माझ्या डोळ्यांचं मी बघते. तू पानं पाठव.”

सोमवारी दुपारी पानं आली. बाईंच्या हाताशी चार दिवस होते आणि काचेवर एका वेळी दोन शब्द. इनासला त्यांनी टेबलाशी बसवला, त्याच्यासमोर वही ठेवली आणि सांगितलं, “मी सांगन तसा लिही. पान, ओळ, चूक.” पहिल्या दिवशी सतरा पानं झाली. दुसऱ्या दिवशी पंचवीस. पूर्वी ओळीवरून नजर धावायची तेव्हा एखादी चूक पायाखालून निसटून जाई. आता दोन-दोन शब्द समोर येत आणि त्यांना लपायला जागाच नसे. ‘विद्यार्थि’, ‘शुभेछ्या’, ‘संस्थापक’च्या जागी ‘संथापक’. प्रत्येक चुकीला बाई “सापडलास!” म्हणत. इनासला आधी कंटाळा आला होता, पण मंगळवारी संध्याकाळपासून तोही खुर्चीच्या टोकावर येऊन बसला. “बाय, आज शंभर चुको पकडूया,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला क्रिकेटशिवाय कशाची तरी शंभरी हवी होती.

बुधवारी दुपारी आभाळ भरून आलं, गडगडाट झाला आणि वीज गेली. टॅबवर सहा टक्के उरले. पान अडुसष्ट चालू होतं. इनासनं विराजला फोन लावला.

“काचेतलो जीव चल्लो! बाय माका घरात ऱ्हवूक देणा नाय!”

अर्ध्या तासात विराज मोटारसायकलवरून आला. शर्टाच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यानं चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या आणल्या होत्या. तोवर काच काळी पडली होती आणि बाई ओट्यावर येरझाऱ्या घालत होत्या. वायर जोडली, अक्षरं परत आली, बाई परत बसल्या. विराज दुकानात गेलाच नाही. इनासचं अक्षर लागत नव्हतं म्हणून त्यानं वही आपल्याकडे घेतली.

गुरुवारी चार वाजता एकशे बारावं पान संपलं. तीनशे सात चुका. बाईंनी टॅब पालथा ठेवला आणि दोन्ही हात वर करून आळस दिला.

संचितांनी रात्रीपर्यंत सगळ्या दुरुस्त्या करून घेतल्या आणि शेवटची नजर फिरवायला पानं कागदावर छापून बाईंच्याच घरी आणली. हॉलच्या लादीवर ओळीनं मांडली. त्या आणि विराज पानांमधून चवड्यांवर फिरत होते. एकसष्टाव्या पानाशी संचिता मटकन खाली बसल्या.

“बाई! शाळेचे शिपाई भाई...”

“त्यांचं काय?”

“फोटोखाली ‘स्मृतिशेष’ लिहिलंय! दिवंगत गुरुजींच्या फोटोखालचं नाव आणि यांचं, अदलाबदल झालीय!”

“भाई?” इनास उभाच राहिला. “सकाळी माका बाजारात भेटले. कोलंबी घेय होते!”

घरभर हसू फुटलं. बाईही हसल्या, पण मग त्यांनी ते पान मागून घेतलं आणि हातानं चाचपलं. दोन फोटो, दोन नावं. दोन्ही नावांतलं एकेक अक्षर त्यांनी तपासलं होतं आणि दोन्ही बिनचूक होती. पण फोटो वर आणि नाव खाली, हे एकदम बघायला आख्खं पान समोर लागतं, आणि काच त्यांना आख्खं पान कधीच देणार नव्हती.

“शब्द काचेवर पकडता येतात,” त्या संचितांना म्हणाल्या, “पण पान कागदावरच बघायला हवं. बरं झालं तू छापून आणलंस. नाहीतर भाई स्वतःच्या श्रद्धांजलीला पहिल्या रांगेत बसले असते.”

शाळा उघडल्यावर चार दिवसांनी कार्यक्रम झाला. भाई पहिल्या रांगेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. स्मरणिकांचे गठ्ठे सुटले, मंडपात शाईचा वास पसरला. बाईंनी आपली प्रत उघडून नाकाशी धरली, मग अंगठ्यानं पानं फर्रकन सोडली. अक्षर एकही दिसत नव्हतं. पण एकशे बारा पानांत काय आहे, हे त्या मंडपात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. संचितांनी माईकवर त्यांचं नाव घेतलं, तेव्हा मागून विराजनं अशी शिट्टी मारली, की बाईंनी सवयीनं वळून डोळे वटारले.

आता बाईंकडे दोन कामं आली आहेत. खारेपाटणचे एक निवृत्त तलाठी आपल्या गावचा इतिहास लिहितायत, त्यांची मुद्रितं. आणि पिंगुळीच्या एका मंडळाची पत्रिका. दोघांनाही बाईंनी एकच अट घातली. तपासायला काचेवर पाठवा आणि शेवटी कागदावर छापून इनासच्या हाती द्या.

इनास मात्र सध्या चिडलेला असतो. काचेवरचा पेपर पहाटे पाचलाच येतो आणि कागदाचा आठला. आठ वाजता तो चहा घेऊन, घडी उलगडून, ऐटीत क्रिकेटचं पान काढतो, तोच आतून बहिणीचा उत्साही आवाज येतो.

“इनास, काल शेवटच्या चेंडूवर हरले रे!”

“बाय!” तो ओरडतो. “माका वाचूक दी गो! पेपर येवच्या आदी सांगू नको म्हणान कितीदा सांगलंय!”

“मग तू पण पाचाक उठ!” बाई म्हणतात आणि पुढच्या बातमीवर बोट सरकवतात.